विमानाच्या तिकिटाआधी घराची फाईल: परदेशी जाताना गृहकर्ज लवकर फेडायचं असेल तर

कोल्हापुरात फुलेवाडीतल्या आमच्या फ्लॅटचं कर्ज मी 9 जून 2025 ला संपवलं आणि 15 सप्टेंबरला जर्मनीला निघालो. मधल्या तीन महिन्यांत कळलं, की कर्ज फेडणं हे त्यातलं सोपं काम. पैसे भरायला मला वीस मिनिटं लागली. घराचे मूळ कागद हातात यायला पुरे अठ्ठावीस दिवस.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतली बरीच पोरं सध्या जर्मन शिकतायत. राज्य सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हे वारं जास्तच वाहतंय. त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि प्रत्येकाच्या घरात एक आई आहे, जी म्हणते, "कर्ज ठेवून परमुलखात जाऊ नको बाबा." आईचं चुकत नाही. पण कधी आणि कुठल्या क्रमाने फेडायचं, हे ती सांगत नाही. ते इथे सांगतो.

आधी आपलं कर्ज कुठल्या जातीचं आहे ते बघा

मंजुरीपत्र काढा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता आहे, की फिक्स्ड, म्हणजे ठरलेला. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच हे बंद केलं. आता 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी नियम आणखी स्वच्छ आहेत: पैसे कुठून आणले हे विचारून दंड लावायचा नाही आणि किमान अमुक वर्षं थांबा अशी अटही घालायची नाही. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करारात दंडाचं कलम असू शकतं. ते वाचून टक्केवारी लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर हलतो.

दुसरी, कर्ज कुणाचं आहे. आपल्या जिल्ह्यात नोकरदारांच्या आणि गावोगावच्या पतसंस्थांकडून घरासाठी कर्ज काढणारे कमी नाहीत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली चालतात. त्यामुळे वरचा नियम आणि खाली येणारा तीस दिवसांचा नियम त्यांना लागू नाही. तिथे संस्थेचा पोटनियम आणि तुमचा करार हेच खरं. संचालक ओळखीचा आहे म्हणून तोंडी बोलण्यावर राहू नका.

तिसरी, गहाण कसं टाकलंय. बहुतेक मोठ्या बँका नुसते मूळ कागद ठेवून घेतात आणि त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवली जाते. सहकारी बँकांत बऱ्याचदा रीतसर नोंदणीकृत गहाणखत असतं. तसं असेल तर कर्ज फिटल्यावर गहाण सोडल्याचा दस्तही नोंदवावा लागतो, म्हणजे बँकेचा अधिकारी आणि तुम्ही दोघांनी निबंधक कार्यालयात हजर राहायचं. हे आधी कळलं तर कॅलेंडरवर जागा ठेवता येते. निघायच्या आठवड्यात कळलं तर तिकीट पुढे ढकलावं लागतं.

पैसे केव्हा ओतायचे

जानेवारीत माझं 18 लाख मुद्दल बाकी होतं, साडेआठ टक्के दर, बारा वर्षं शिल्लक. हप्ता 19,980 रुपयांच्या आसपास. त्यातले 12,750 त्या महिन्यात नुसत्या व्याजाला जायचे. असंच बारा वर्षं चालू ठेवलं असतं तर आणखी 10 लाख 77 हजार व्याज गेलं असतं.

माझ्याकडे एफडी, दोन भिशा आणि विकलेल्या गाडीचे मिळून जवळपास सगळं फेडण्याइतके पैसे होते. पहिला विचार हाच आला, की उद्याच भरून मोकळं व्हावं. पण व्हिसा हातात नव्हता. आणि घरात ओतलेला पैसा परत काढायला पुन्हा कर्जच काढावं लागतं, तेही नोकरी सोडलेल्या माणसाला कोण देणार?

म्हणून जानेवारीत 5 लाख भरले आणि बाकीचे एफडीत ठेवले. या 5 लाखांतही एक मेख आहे. अंशतः भरणा केल्यावर बँक दोनपैकी एक करते: हप्ता तोच ठेवून मुदत कमी, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी. माझ्या आकड्यांत पहिल्या पद्धतीने 144 हप्त्यांचे 88 होतात आणि सव्वासहा लाखांच्या वर व्याज वाचतं. दुसऱ्या पद्धतीने हप्ता साधारण 14,430 वर येतो, पण व्याज वाचतं जेमतेम 3 लाख. अर्जावर स्वतःच्या हाताने लिहायचं, 'हप्ता कायम, मुदत कमी करावी', आणि पोच घ्यायची. मात्र परदेशातल्या पहिल्या वर्षाची धास्ती असेल आणि कर्ज चालूच ठेवायचं असेल, तर हप्ता कमी करून घेणंही शहाणपणाचं ठरतं. व्याज जास्त जातं, पण गळ्याभोवतीचा दोर सैल होतो.

आता थांबण्याची किंमत. उरलेल्या 13 लाखांवर कर्ज साडेआठ टक्क्यांनी चालू आणि एफडी सात टक्क्यांनी. फरक दीड टक्क्याचा, चार महिन्यांचे 6,500 रुपये. एफडीच्या व्याजावरचा कर धरला तर सोळा हजारांच्या आसपास. व्हिसा नाकारला गेला असता, कंपनीने ऑफर मागे घेतली असती किंवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं असतं, तर 13 लाख रोख हाताशी असण्याची ही किंमत होती. मला ती स्वस्त वाटली. (दर मधे थोडा उतरला होता. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो रेपो दर 2025 च्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, तो डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. मी हिशेबाला साडेआठच धरलेत.)

ज्यांचं गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं आहे, स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं, त्यांना हा पेचच पडत नाही. पैसे कर्जखात्यात टाकून ठेवायचे, व्याज थांबतं आणि लागले तर काढताही येतात.

जुनी करप्रणाली धरून बसलेल्यांनी एक बघावं. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतची वजावट त्याच प्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराला ती नाही. परदेशी निघालेल्या माणसाचं भारतातलं उत्पन्न तसंही घटणार, त्यामुळे 'टॅक्स वाचतो म्हणून कर्ज ठेव' हा ऑफिसातल्या कँटीनचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही.

तिकडे लागणारी रोकड आधी बाजूला

कर्जात ओतण्याआधी परदेशातल्या पहिल्या तीन महिन्यांचा खर्च वेगळा काढा. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, पण नवख्या माणसाला घर मिळवायची घाई असते, तो हुज्जत घालत नाही. भाडं महिन्याच्या सुरुवातीला आणि पगार महिनाअखेरीला. शिवाय बऱ्याच भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचं तोंड. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उपसून घेऊन गेलेला असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले नऊ दिवस मी बाथरूमच्या बेसिनमध्ये कुकर घासला.

शिकायला जाणाऱ्यांना तर ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यातले, 11,904 युरो दाखवावेच लागतात, हा आकडा सप्टेंबर 2024 पासून लागू आहे. कर्ज फेडून टाकलं आणि हे पैसे उसने मागत फिरलो, असं होऊ देऊ नका.

भारतातून निवासी म्हणून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षभरात 10 लाख रुपयांच्या आत असाल तर बँक टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापत नाही. आपल्यासारख्यांना तेवढं पुरतं.

तिकिटापासून उलटं मोजा

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत बँकेने सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. हे 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद गहाळ झाले तर प्रमाणित नकला मिळवून द्यायची जबाबदारी आणि खर्च बँकेचा, त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात.

तेव्हा वाईटातला वाईट हिशेब 60 दिवसांचा. त्यावर प्रॉपर्टी कार्ड, क्रेडिट रिपोर्ट वगैरेंसाठी महिना धरा. म्हणून माझं म्हणणं असं: शेवटचा भरणा तिकिटाच्या तारखेआधी तीन महिने करा. जमत नसेल तर घाईघाईने शेवटच्या पंधरवड्यात कर्ज बंद करू नका. त्यापेक्षा कर्ज चालू ठेवून जा आणि पहिल्या सुट्टीत परत आल्यावर मिटवा. अधांतरी फाईल सगळ्यात वाईट. कर्ज फिटलेलं, कागद कुठल्यातरी गोदामात, सही करणारा स्टुटगार्टमध्ये आणि शाखेतला ओळखीचा अधिकारी बदलून साताऱ्याला.

गोदाम हा शब्द उगीच नाही वापरला. मला वाटायचं, आपली फाईल शाखेच्या तिजोरीत असेल. ती असते एखाद्या मोठ्या शहरातल्या मध्यवर्ती साठवणुकीत. शाखेने मागणी पाठवायची, तिथून फाईल शोधून निघायची, मग कुरिअर. म्हणून पैसे भरायच्या दोन-तीन आठवडे आधीच शाखेत जाऊन दोन कागदांसाठी अर्ज द्या: कर्ज बंद करायला किती भरायचं ते सांगणारं फोरक्लोजर लेटर, आणि बँकेकडे जमा असलेल्या कागदांची यादी, जिला बँकेत एलओडी म्हणतात. दुसऱ्या कागदाबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. मागा.

भरणा

फोरक्लोजर लेटरवर अमुक तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यानंतरचं रोजचं व्याज लिहिलेलं असतं. माझी बाकी जूनमध्ये 12 लाख 45 हजारांच्या आसपास होती, म्हणजे रोजचे साधारण 290 रुपये. आरटीजीएस करा, दुपारच्या आत करा आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर अर्जावर लिहून शाखेत द्या. हप्त्याची तारीख तोंडावर असेल तर हप्ता कापला जाऊ द्या आणि मग भरा, नाहीतर तो कापून जातो आणि परताव्यासाठी खेटे घालावे लागतात. खातं शून्य झाल्याचं स्टेटमेंट हातात आल्यावर हप्त्याचा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप कापायची परवानगी, रद्द करायचा अर्ज त्याच दिवशी. कर्ज घेताना दिलेले सही केलेले कोरे चेक असतील तर तेही नावानिशी परत मागा.

आणखी एक. बऱ्याच जणांना कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा चिकटवलेला असतो आणि त्याचा विसरही पडलेला असतो. कर्ज लवकर संपलं तर त्यातला काही भाग परत मिळू शकतो, किंवा विमा पुढे चालू ठेवता येतो. विमा कंपनीला लेखी विचारा.

फाईल मोजून घ्या

बाविसाव्या दिवशी शाखेतून फोन आला, "कागद आलेत, घेऊन जावा." मी आणि बायको दोघं गेलो. कर्ज दोघांच्या नावावर होतं, सही दोघांची लागते. सहकर्जदार आधीच परदेशी गेला असेल तर अधिकारपत्राची सोय अगोदर करा.

काउंटरवर रजिस्टर पुढे सरकवलं गेलं, 'सर्व कागद मिळाले' अशा ओळीखाली सहीची जागा. बायकोने पेन खाली ठेवलं आणि एलओडीची यादी काढून एकेक कागद लावायला सुरुवात केली. नोंदणीकृत करारनामा, पानं मोजून. सूची क्रमांक दोन. बिल्डरने जमीन घेतल्याचं आधीचं खरेदीखत. बिगरशेतीचा आदेश, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, डीड ऑफ अपार्टमेंट. मागे रांग लागली, अधिकाऱ्यांचा चेहरा आंबट झाला. यादीतला अकरावा कागद, नोंदणी फीची मूळ पावती, फाईलमध्ये नव्हता. "पावतीचं काय एवढं," असं उत्तर आलं. तिने रजिस्टरवर लिहिलं, 'अनुक्रमांक 11 वगळता मिळाले', खाली तारीख टाकली आणि त्याचा फोटो काढला. त्यानंतर आठवड्याभरात पावती आली. आज हा फ्लॅट विकायचा म्हटला तर समोरच्याची बँक त्या पावतीसकट सगळं मागणार, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

फाईलबरोबर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. त्यावर कर्जखात्याचा क्रमांक, घराचा पूर्ण पत्ता आणि 'आमचा कोणताही हक्क राहिला नाही' अशा अर्थाचं वाक्य हवं.

बोजा सगळीकडून उतरला का?

बँकेने सरसाईच्या, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीतून आपला हक्क काढायचा असतो. थोडी फी भरून सरसाईच्या संकेतस्थळावर मालमत्तेचा शोध स्वतः घेता येतो. तसंच दुय्यम निबंधकाकडच्या सूचनेबाबत बँकेकडून लेखी खुलासा घ्या.

शहरातल्या मिळकतीचं प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयाचं. त्यावर बँकेचं नाव चढलेलं असेल तर नो ड्यूज जोडून ते कमी करायचा अर्ज द्यायचा. पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूला अजून सातबाऱ्यावर घरं आहेत. तिथे इतर हक्कात बोजा दिसतो आणि तो कमी करायला तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो. फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

सगळ्यात शेवटी क्रेडिट रिपोर्ट. सिबिलसह चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. महिना-दीड महिन्याने तो काढून कर्ज 'बंद' दिसतंय का बघा. 'सेटल्ड' असं लिहिलं असेल तर लगेच हरकत घ्या. सेटल्डचा अर्थ तडजोड करून कमी पैशांत मिटवलं असा होतो.

कर्ज ठेवून जायचं ठरलं तर

यातही गैर काही नाही. फक्त बँकेला कळवून जा. नोकरीसाठी परदेशी गेलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नजरेत तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी. म्हणून साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यायचं आणि तिकडच्या कमाईसाठी एनआरई उघडायचं. हप्ते या दोन्हींतून, परदेशातून थेट पाठवलेल्या पैशांतून किंवा त्याच घराच्या भाड्यातून जाऊ शकतात. जवळच्या नातेवाइकानेही आपल्या खात्यातून भरले तर चालतात. आयकराचा हिशेब वेगळा: वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर त्या वर्षापुरते अनिवासी. मी 15 सप्टेंबरला निघालो ते याच गणितात बसवून. 1 एप्रिलपासून मोजलं तर 29 सप्टेंबरला 182 दिवस भरतात.

घर भाड्याने द्यायचं तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा आणि भाडेकरूला आधीच सांगा, की मालक अनिवासी असल्याने भाड्यातून 30 टक्के अधिक सेस, म्हणजे 31.2 टक्के टीडीएस कापायची जबाबदारी त्याची आहे. विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मिळतो, पण वाट बघावी लागते. हप्ता भाड्यातून निघेल असं धरणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो.

आणि कर्जासाठी गावची उसाची जमीन विकायची का, असा विषय घरात निघालाच तर एवढं ध्यानात असू द्या: अनिवासी झाल्यावर आधीची शेतजमीन ठेवता येते, वारसाने येऊही शकते, पण नवी विकत घेता येत नाही. गेली ती गेली.

मागे राहणाऱ्यांसाठी

मी दाजींच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं, निघायच्या महिनाभर आधी, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून. त्यात घरफाळा, महावितरण, अपार्टमेंटच्या बैठका, भाडेकरार, बँकेतून कागद घेणं हे स्पष्ट लिहिलं आणि विक्रीचा अधिकार मुद्दाम वगळला. दाजींना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट "बरं केलास, कुणी गळ घातली तर सांगायला बरं," असं म्हणाले. हेच काम मागाहून तिकडून करायचं तर भारतीय वकिलातीत सही-साक्षांकन करावं लागतं (स्टुटगार्टवाल्यांना म्युनिक), आणि कागद भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

कर्ज संपलं की घराचा विमाही बघा. बँकेने उतरवलेल्या पॉलिसीत बँकेचं नाव असतं, ते काढून घ्या. पॉलिसी संपली असेल तर नवी घ्या आणि त्यात पूर आहे का ते वाचा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेने काय केलं ते आपण पाहिलंय. 2019 च्या पुरानंतर शाहूपुरीत मामांच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला खरेदीखताची पानं चिमटे लावून वाळत घातलेली मला आठवतात. शाई पसरून निबंधकांचा शिक्का जांभळ्या डागासारखा झाला होता. म्हणून आमची फाईल घरात नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पावतीपर्यंत स्कॅन केली, एक प्रत माझ्याकडे, एक बहिणीकडे. मूळ फाईल लॉकरमध्ये आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या शाखेत, आणि लॉकर माझ्या आणि आईच्या नावावर.